टोपलीभर तांबटांचा प्रसाद

सर्व लहानथोरांना, सोयऱ्याधायऱ्यांना आणि ज्यांचे दात अजून जागेवर आहेत अशा तमाम मंडळींना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की बीदरच्या नौबाद भागात, आमच्या घरामागच्या बागेत, एका बसवजयंतीच्या भर दुपारी एक अतिशय भयंकर प्रसंग घडला. त्यात कुणी दगावलं नाही. रक्त सांडलं, पण थोडंसं, तेही माझ्याच हाताचं, काट्यांनी काढलेलं. तरीही त्या दुपारी एका झाडाचा जीव आणि एका नव्या सुनेची अब्रू पितळेच्या ताटांत वाढून ठेवलेली होती. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण ती नवी सून मीच होते.

तेव्हा राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. माझं माहेर उदगीरकडचं. लग्न होऊन बसमधून इकडं आले तेव्हा वाटेत पाट्यांवरची अक्षरं बदलली, माती काळ्याची लाल झाली, पण माणसं काही बदलली नाहीत. सासरच्या घरात बोलणं मराठीत, बाजारहाट दखनीत, देवापुढं कन्नड आणि भांडण मात्र तिन्ही भाषांत. एका भाषेत हरायला लागलं की दुसरीत उडी मारायची, ही सोय माहेरी नव्हती.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. किराणा दुकान थोरल्या मुलाच्या हाती सोपवून त्यांनी नौबादेत हे घर घेतलं होतं, आणि घरापेक्षा त्यांचा जीव मागच्या पडीक बागेवर जास्त होता. जगातली प्रत्येक गोष्ट आपण एकदा हैदराबादेत बघितलेली आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. सासूबाई म्हणजे अव्वा. अव्वांनी आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, आणि हे त्या आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवत. जेवताना भाजीत मीठ कमी असलं तरी ‘मीठ दे’ म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, ‘गावातलं मीठ संपलंय वाटतं.’ मग आपण समजून उठायचं. आणि आमचे हे! ह्यांच्याविषयी एवढंच सांगते, की घरात दोन माणसांचा आवाज जरा चढला की ह्यांना सायकलच्या चाकातली हवा कमी झाल्याचा संशय येई. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत आमच्या सायकलीइतकी टणक चाकं अख्ख्या बीदर जिल्ह्यात कुणाची नसतील.

आता त्या झाडाकडं येते.

बागेत विहिरीला लागून ते उभं होतं. कुणी लावलेलं नव्हतं, आपलं आपण आलेलं. थंडी सरताना अंगावर पानच नव्हतं. फांद्यांना काटे होतेच, पण खोडालासुद्धा काट्यांचे झुबके, जणू कुणी येऊन मिठी मारील अशी भीती त्याला होती. जवळून जाणाऱ्या प्रत्येक पदराला ते धरून ठेवायचं. अव्वांची एक चांगली इरकल त्यानं फाडली होती, आणि तो खटला अजून चालू होता. मग होळीच्या पुढं त्याला नवी पालवी फुटली, आणि ती हिरवी नव्हती! घासून लख्ख केलेल्या तांब्यासारखी तांबूस. सकाळचं ऊन पडलं की झाडच्या झाड पेटल्यासारखं दिसे. त्या दिवशी मी पाण्याची घागर तिथंच ठेवून उभी राहिले. हे झाड माझ्या ओळखीचं होतं. माहेरच्या ओढ्याकाठचं होतं. नव्या घरात माझ्या ओळखीचं तेवढं एकच कुणीतरी होतं, आणि तेही काटेरी.

पुढं त्याला फळं धरली. आधी हिरवी, मग लाल, मग काळपट जांभळी, बोरापेक्षा लहान, गुळगुळीत. तेव्हा अप्पांनी झाडाखाली खुर्ची टाकून चौकशी समिती बसवली.

अप्पांनी एक फळ चाकूनं आडवं कापलं. आत पिवळसर गर आणि चपट्या बिया. ते डोळ्याजवळ धरून त्यांनी निकाल दिला, "आलुबुखारा. जंगली जात. हैदराबादेत नवाबाच्या दस्तरखानावर बघितलोय मी."

"नवाबाच्या दस्तरखानावर तुम्ही कशाला गेलता?" अव्वांनी दारातूनच विचारलं.

"लांबून बघितलो."

"लांबून तर बकरीची लेंडीबी आलुबुखारा दिसतंय."

आमचे हे म्हणाले, काटे आहेत म्हणजे बोरीच्या घराण्यातलं असावं. आणि लगेच सायकल आठवून गेले. शेजारच्या एक अक्का कुंपणावरून डोकावून कन्नडात म्हणाल्या, ‘मुळ्ळ हण्णु.’ म्हणजे काटेरी फळ. आता हे काही नाव नव्हे, ही तक्रार झाली.

मला राहवेना. नव्या सुनेनं चार माणसांत तोंड उघडू नये हे मला माहेराहून शिकवून पाठवलं होतं, पण झाडाबद्दल काही शिकवलेलं नव्हतं. मी पदर सावरून म्हणाले, "अप्पा, ह्ये तांबट हाय. पालवी बघितलाव न्हवं, तांब्यावानी? आमच्याकडं वड्याला असतंय. साखरेवानी गोड लागतंय."

"तू खाल्लीस?" अव्वा.

"व्हय की. लहानपणी लई खाल्लेय."

माझे वडील शेतातून येताना बंडीच्या खिशातून ही फळं आणायचे. मी शेंडेफळ. दारातच हात पुढं करायची, आणि ते एकेक फळ माझ्या तळहातावर ठेवायचे. मऊ, कोमट, आणि गोड. इतकं गोड की बी चोखून पांढरी करेपर्यंत मी तोंडातून काढत नसे. ती चव मला पाठ होती. त्यामुळं मी ‘साखरेवानी’ म्हणाले ते अगदी साक्ष दिल्यासारखं.

अप्पा खुर्चीतून उठलेच. "बघ! जंगली आलुबुखाऱ्यालाच इकडं तांबट म्हन्तेत!" कुठल्याही शोधात स्वतःची बाजू राखून ठेवण्याची कला त्यांना अवगत होती.

पण खरी गोष्ट इथं सुरू होते. अव्वांना ते झाड तिथं नको होतं. विहिरीजवळची तीच जागा त्यांनी म्हशीच्या गोठ्यासाठी मनाशी धरली होती. म्हैस द्यायचं कबूल केलं होतं त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांच्या मामांनी. मामांची हुमनाबादला लाकडाची वखार. जिवंत झाडाकडं बघितलं की त्यांना त्यात फळ्या दिसत. माझ्या लग्नात मांडवाच्या दारात त्यांनी वधूच्या आधी खांबांकडं बघून ‘सागवान न्हाई’ असा शेरा मारला होता, हे माझ्या माहेरचे अजून विसरलेले नाहीत. झाड तोडायला वखारीतला माणूस तेच पाठवणार होते, बसवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी.

ह्या भावाबहिणीची एक जुनी गोष्ट अव्वा नेहमी सांगत. लहानपणी गुऱ्हाळावर गेले असता मामांना गरम गुळाचा पहिला द्रोण मिळाला. चाखल्यावर त्यांनी असं रडवेलं तोंड केलं, की अव्वांनी विचारलं, ‘कामून रं?’ तर म्हणे, ‘कडू झालंय. तू खाऊ नको, तुझं पोट दुखंल.’ आणि बहिणीच्या काळजीपोटी सगळा द्रोण एकट्यानं संपवला.

"फळाच्या झाडाला कुऱ्हाड लावत न्हाईत," अप्पा म्हणाले.

"फळ? चिमणी तरी खायलीय का ते?"

"बुलबुल खायलेत," मी म्हणाले.

"बुलबुल किडेबी खातंय. उद्या ते रांधू का?" अव्वा बाहेर पायरीवर आल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्या बागेला ऐकू जाईल असं बोलल्या, "ऐका आता. ज्या दिवशी मी माझ्या तोंडानं ह्या झाडाचं फळ मागून घेईन, त्या दिवशी झाड तुमचं. गोठा जाऊ दे खड्ड्यात. पन मी मागत न्हाई. माझ्या बापाजवळबी कधी काय मागितले न्हाई."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी अप्पांकडं. दोघांच्याही मनात एकच आलं, की एवढं गोड फळ असल्यावर मागतील नाहीतर काय करतील! बसवजयंती दारात आलेली. अप्पा हळूच म्हणाले, "सणाला प्रसादच ह्येचा करू."

इथं त्या घराचे दोन नियम सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचा अनर्थ कळायचा नाही.

पहिला नियम : हंगामाचं नवं फळ आधी देवाला. तोवर कुणी जिभेला लावायचं नाही. अप्पा रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत, आणि जे काही नवं घरात येई ते त्या तळहातासमोर आधी ठेवलं जाई. म्हणून झाडाखाली समिती बसली, फळ कापलं, हुंगलं, उन्हात धरून बघितलं, पण चाखलं मात्र कुणी नाही. मलाही मोह झाला होता, नाही असं नाही. पण मी नवी होते, आणि चव तर मला पाठच होती.

दुसरा नियम : देवाला दाखवलं की तो प्रसाद, आणि प्रसाद टाकायचा नाही. कण नाही, थेंब नाही. ताट धुऊन ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. एका सणाला आमच्या थोरल्या जाऊबाईंनी गव्हाच्या हुग्गीत, म्हणजे खिरीत, गुळाबरोबर मीठही मूठभर टाकलं होतं म्हणे. अप्पांनी ती सगळ्यांना शेवटपर्यंत खायला लावली आणि दिवसभर अख्खं घर विहिरीवर पाणी पीत बसलं होतं. पण टाकली नाही.

शहाणी माणसं काय करतात? अशा घरात नवं फळ देवाला दाखवायचं तर एक दाखवतात. फार तर दोन. अप्पा शहाणे नव्हते, उदार होते. "एवढी झाडावर हायती आन् देवाला दोन दाखवू? टोपली भर!"

सणाच्या सकाळी मी टोपली भरली. हातावर कोपरापर्यंत ओरखडे उठले, पण काळीभोर, पिकलेली, निवडक फळं काढली. धुऊन ठेवली तेव्हा अशी चमकत होती की अप्पा दोनदा येऊन बघून गेले. मामा हुमनाबादहून सकाळच्या बसनं आले. आल्या आल्या बागेत जाऊन खोडाला बोटांनी वीत लावून बघितली. "काट्याचं लाकूड. चुलीलाच जाईल," असं म्हणाले, आणि त्यांनी जणू आमच्या माहेरच्या ओढ्यावरच वीत लावली असं मला वाटलं.

पूजा झाली. टोपली देवासमोर गेली. टोपली परत आली तेव्हा ती टोपली राहिली नव्हती, प्रसाद झाली होती. पुरणाची पोळी, आमटी, आंब्याचा रस, सगळं जेवण झाल्यावर ओसरीवर पंगतीतच अप्पांनी स्वतःच्या हातानं वाटप केलं. ओंजळ-ओंजळ! आमचे हे, मामा, अव्वा, मी, ते स्वतः. आणि मग मान ताठ करून त्यांनी पहिलं फळ तोंडात टाकलं.

मी अव्वांच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून अप्पांचं तोंड मला थोडं उशिरा दिसलं.

अप्पांनी चावलं होतं, आणि चावून ते थांबले होते. गाल आत गेले. डोळे बारीक झाले. मिशी एका बाजूनं वर चढली आणि तिथंच अडकली. मग अत्यंत सावकाश, जणू कुणी दुरून दोरी ओढतंय असा, त्यांचा गळा हलला.

"कसं हाय?" अव्वांनी विचारलं.

"व्वा," अप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तोवर ह्यांनी एक चावलं. ह्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी नंतर कधी ऐकला नाही, सायकलची हवा एकदम गेल्यावरसुद्धा नाही. मामांनी चावलं आणि दोन्ही हातांनी जबडा धरला. "आई गं! भुसा बरा वखारीतला! ए सूनबाई, तुझ्या गावाला लोक ह्ये खातेत?"

"खातेत म्हनं. साखरेवानी," अव्वा म्हणाल्या. त्यांनी अजून एकही तोंडाला लावलं नव्हतं. "मंग गावात मानसं उरलेत कशी?"

मी घाईघाईनं एक तोंडात टाकलं. दातांनी साल फोडली, आणि जीभ टाळूला अशी चिकटली जणू कुणी खळ लावली. बाभळीची कोवळी शेंग चघळावी तसं. तुरट, तुरट, आणि तुरटाच्या मागून पुन्हा तुरट. साखर कुठंच नव्हती. झाड तेच, पान तेच, बी तेच. मग चव कुठं गेली? एक क्षणभर मला असंही वाटून गेलं, की वडील मला खिशातून दुसरंच काही देत होते की काय.

आणि ताटं तर भरलेली. प्रसाद!

पुढं जे घडलं ते पंगतीच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. कुणीही उठू शकत नव्हतं, कुणीही टाकू शकत नव्हतं. ह्यांनी लग्नानंतरचं आपलं पहिलं उघड प्रेम त्या दिवशी व्यक्त केलं : आपल्या वाटणीची सगळी फळं चोरून माझ्या ताटात सरकवली आणि अंगणात चाकाची हवा बघायला गेले. अव्वांनी तर भावाच्या मायेचा कळसच केला. "घे अण्णा, तू पाहुना मानूस. तुला कमी पडाया नको," असं म्हणत आपलं ताट मामांच्या ताटात उपडं केलं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं म्हणून स्वतःसाठी एकच ठेवलं. मामा बघतच राहिले. पाहुण्यानं नको कसं म्हणायचं, आणि तेही प्रसादाला, तेही बहिणीच्या हातच्या!

"उद्या सकाळी मानूस धाडतो," ते जबडा चोळत म्हणाले. "मुळासकट काढ म्हनून सांगतो."

अव्वा समाधानानं भिंतीला टेकल्या. मी मान खाली घातली. आता उद्या तिथं खुंटे रोवणार, म्हैस येणार, आणि मी जन्मभर त्या घरात ‘साखरेवाली’ म्हणून ओळखली जाणार. अव्वांच्या आवाजात ते नाव मला आधीच ऐकू यायला लागलं होतं. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. झाडाचं वाटलं.

अप्पा मात्र माझी बाजू सोडायला तयार नव्हते. एकेक फळ तोंडात टाकत, शूरवीरासारखे गिळत, प्रत्येकानंतर ‘व्वा’ म्हणत होते. ते ‘व्वा’ हळूहळू खोल विहिरीतून यायला लागलं होतं.

आणि मामा! मामांना तंबाखूची सवय. जेवण झालं की डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन उजव्या अंगठ्यानं मळत बसायचं, ही त्यांची समाधी. पण प्रसाद संपल्याशिवाय तोंडात तंबाखू घालता येत नव्हती. चंची कमरेला, आणि ताटात डोंगर. बिचाऱ्यांची बोटं अस्वस्थ झाली. त्यांनी नकळत एक फळ उचललं, तळहातावर ठेवलं, आणि दुसऱ्या तळहातानं ते मळायला लागले. गोल गोल. गोल गोल. नजर शून्यात, म्हशीवर की फळ्यांवर देव जाणे.

ते हात बघितले आणि माझ्या डोक्यात वीज चमकली.

माझे वडील तंबाखू खात नव्हते. तरी शेतातून येताना त्यांचे हात असेच चालत असायचे. बांधावरून चालत येताहेत, कुणाशी तरी बोलताहेत, आणि दोन तळहातांमध्ये काहीतरी गोल गोल फिरतंय. ती त्यांची सवय आहे असं मला वाटायचं, जसं कुणी मिशी पिळतं तसं. म्हणून फळ मऊ असायचं. म्हणून ते कोमट असायचं! मी फक्त हात पुढं करायची. त्या फळाआधी कुणीतरी ओढ्यापासून घरापर्यंत खपत यायचं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

मी पदराआड एक फळ घेतलं आणि दोन तळहातांत चांगलं मळलं, साल फुटणार नाही इतक्या हलक्या हातानं, आतला गर सैल होईपर्यंत. तोंडात टाकलं.

काय सांगू! सगळा तुरटपणा कुठल्या कुठं. आंबटगोड रस गालात सुटला आणि त्याच्यामागून ती पाठ असलेली गोडी, एका अक्षराचा फरक नाही. मला ओसरीवर बसल्या बसल्या हसू फुटायला लागलं.

ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी गप्प बसले. मी सांगितलं असतं तर अव्वा म्हणाल्या असत्या, ‘आता नवी सून मला खायला शिकविनार!’ आणि फळ अमृत असलं तरी त्यांनी ते तोंडाला लावलं नसतं. शिवाय अट काय होती? त्यांनी मागायला हवं होतं, आपल्या तोंडानं.

समोर मामांनी ते मळलेलं फळ, विचारांच्या तंद्रीत, तोंडात टाकलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. तिथंच राहिल्या. मग खाली आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जगातलं सगळं दुःख गोळा झालं. खोल सुस्कारा सोडून त्यांनी दुसरं फळ तळहातावर घेतलं.

त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली. माझेही तळहात फिरत होते. चोराला चोर भेटला. मामांनी एक बोट मिशीवर आडवं धरलं : गप्प. मी मान हलवली.

अप्पांची मात्र मला दया आली. त्यांना खूण करावी म्हणून मी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून चोळून दाखवले. अप्पांना वाटलं सून हात जोडून क्षमा मागतेय. त्यांनी डोळे मिटून मला आशीर्वाद दिला आणि आणखी एक तसंच चावलं. "व्वा."

मामांचा वेग वाढत चालला. मळ, टाक, सुस्कारा. मळ, टाक, कण्हणं. डोंगराचं टेकाड झालं, टेकाडाचा ढीग.

"अण्णा, पानी दिऊ?" अव्वांनी विचारलं.

"नको गं." मामांचा आवाज रडवेला. "पानी प्यालं तर आनखी खवळंल. प्रसाद हाय. भोगायलाच पाहिजे. तुझ्या वाटचंबी मीच भोगतो. तुझं पोट दुखंल."

अव्वा भिंतीपासून सरळ झाल्या.

त्यांनी भावाच्या तोंडाकडं बघितलं. मग त्याच्या हातांकडं. मग ताटाकडं. त्यांच्या डोळ्यांत गुऱ्हाळ पेटलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी आपल्या ताटातलं ते एकुलतं एक फळ उचललं, तळहातावर ठेवलं आणि दुसऱ्या तळहातानं मळायला घेतलं, थेट भावाकडं बघत. मामांनी ते पाहिलं आणि त्यांची बोटं दुप्पट वेगानं चालायला लागली. अप्पा चावायचे थांबले. अंगणातून सायकलचा पंपही थांबला.

अव्वांनी फळ तोंडात टाकलं. एकदा गाल हलला. पुन्हा हलला. त्यांनी बी तळहातावर काढून घेतली, तिच्याकडं बघितलं, आणि ती परत तोंडात घातली.

मामांच्या ताटात आता तळाशी थोडीच उरली होती, आणि त्यांचा हात तिकडंच निघाला होता. आयुष्यात कुणाकडं काही न मागितलेल्या माझ्या सासूबाई ओसरीवर गुडघ्यांवर उठल्या आणि त्यांनी भावाचं मनगट धरलं.

"ए अण्णा! हात काढ! माझे हायती ते, दे परत!"